ते ३६ बाइट जातील कुठे?

मोबाइल नेटवर्कच्या पॅकेट कोअरमध्ये काम करणाऱ्यांत गेल्या काही वर्षांत एक मत बळावले आहे. गेटवेचे इंटरफेस कसे जोडावेत, पत्ते कशावर बांधावेत, कोणती वाहतूक कोणत्या वाटेने न्यावी याविषयीच्या जाडजूड अभियांत्रिकी मार्गदर्शिकांची आता गरज उरलेली नाही, असे हे मत सांगते. त्या मार्गदर्शिका ठरावीक यंत्रांसाठी लिहिल्या होत्या आणि ती यंत्रे भंगारात गेली. फाइव्हजीचा कोअर क्लाउडवर चालतो, तिथे इंटरफेस ही सॉफ्टवेअरची बाब आहे. कॉन्फिगरेशन आता स्क्रिप्ट लिहितात. आणि नियमांच्या ओझ्याखाली तरुण इंजिनिअर स्वतःचे डोके चालवायचे सोडून देतात. हे सगळे सांगणारी माणसे कामाची आहेत, त्यांतली काही माझी मित्रमंडळी आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात काही खरेही आहे. म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. मला हे मत चुकीचे वाटते, आणि ज्या यंत्रावर लाखो लोकांचा व्यवहार एका वेळी उभा असतो त्याच्या बाबतीत ते धोक्याचे वाटते.

या क्षेत्राबाहेरच्या वाचकासाठी थोडे सांगतो. आपल्या मोबाइलवरून निघालेले पॅकेट, मग ते भाजीवालीला क्यूआर कोडवर दिलेल्या चाळीस रुपयांचे असो की परदेशातल्या मुलीशी चाललेल्या व्हिडिओ कॉलचे, टॉवरवरून थेट इंटरनेटवर जात नाही. टॉवरपासून ते एका टनेलमध्ये शिरते आणि कंपनीच्या गेटवेपाशी बाहेर पडते. थ्रीजीत या गेटवेला जीजीएसएन म्हणत, फोरजीत पीजीडब्ल्यू म्हणतात, फाइव्हजीत वाहतुकीचे काम यूपीएफ करते. टनेलचा प्रोटोकॉल मात्र तिन्ही पिढ्यांत एकच, जीटीपी. गेटवेला एक बाजू टॉवरकडची असते, एक इंटरनेटकडची, एक परदेशी कंपन्यांच्या रोमिंगची, आणि शिवाय धोरण ठरवणाऱ्या व पैसे कापणाऱ्या यंत्रांकडे जाणाऱ्या वेगळ्या वाटा असतात. यातल्या प्रत्येक वाटेला मानकात वेगळे नाव आहे आणि वेगळा स्वभाव आहे. मार्गदर्शिका लिहिली जाते ती या वाटांविषयी.

आता पहिला मुद्दा: यंत्र गेले म्हणून नियम गेला. यातल्या सर्वांत साध्या नियमापासून सुरुवात करू. टॉवर ते गेटवे या सगळ्या दुव्यांचा एमटीयू, म्हणजे एका फेरीत जाऊ शकणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार, वाढवून ठेवावा, आणि ते शक्य नसेल तर मोबाइलला लहान पॅकेट पाठवायला सांगावे, असा हा नियम. इथरनेटवर नेहमीचा आकार १५०० बाइट. मोबाइलचे १५०० बाइटचे पॅकेट टनेलमध्ये घातले की त्यावर शीर्षे, म्हणजे हेडर, चढतात: जीटीपीचे ८, यूडीपीचे ८ आणि बाहेरच्या आयपीचे २० बाइट. झाले १५३६. बाहेरचा पत्ता आयपीव्ही६चा असेल तर २०च्या जागी ४० घ्या, म्हणजे १५५६. वाटेत आयपीसेक, म्हणजे सांकेतीकरण, लावले असेल तर आणखी. हे जादाचे ३६ बाइट कोणत्याही कंपनीने बनवलेल्या यंत्रामुळे येत नाहीत. टनेल आहे म्हणून ते आहेत. यंत्र भंगारात गेले तरी ते जात नाहीत, आणि गेटवे क्लाउडवर नेला तरी जात नाहीत. उलट फाइव्हजीत टॉवर आणि यूपीएफ यांच्यामध्ये जीटीपीला जोडशीर्ष लागते, त्याने जीटीपीचे ८ बाइट १६ होतात. नव्या पिढीत हिशेब कमी झालेला नाही, वाढला आहे. मोबाइलची मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या मानकाने मोबाइलसाठी १३५८ बाइटचा आकडा सुचवला तो या सगळ्या शीर्षांची बेरीज करूनच.

हा नियम पाळला नाही तर काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे, कारण तेव्हा नेटवर्क बंद पडत नाही. ग्राहक एखादे संकेतस्थळ उघडतो. जोडणी मागणारी पहिली पॅकेटे चिमुकली असतात, ती बिनबोभाट जातात. मग सर्व्हर आपले प्रमाणपत्र पाठवतो. ते काही हजार बाइटचे असते आणि पूर्ण आकाराच्या पॅकेटांत येते. गेटवेपाशी ती १५३६ बाइटची होतात आणि पुढचा दुवा १५००चा असतो. गेटवे बाहेरच्या पॅकेटचे तुकडे करू शकतो, पण मग ते जोडण्याचा भार पलीकडच्या यंत्रावर पडतो, आणि पहिला सोडून बाकीच्या तुकड्यांवर पोर्टचा क्रमांकच नसल्याने वाटेतले फायरवॉल बिथरतात. किंवा पॅकेटवर ‘तुकडे करू नयेत’ अशी खूण असेल तर गेटवे ते टाकून देतो आणि सर्व्हरला आयसीएमपी निरोप धाडतो की लहान पाठव. हा निरोप पोहोचला तर सगळे सुरळीत. पण इंटरनेटकडच्या फायरवॉलवर कुणीतरी ‘सुरक्षेसाठी’ सगळे आयसीएमपी बंद केलेले असते. सर्व्हर तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, ग्राहकाच्या पडद्यावर चाक फिरत राहते. आयपीव्ही६मध्ये तर वाटेतल्या राउटरला तुकडे करण्याची मुभाच नाही, तिथे तो निरोप अडवणे म्हणजे वाटच बंद करणे. हा दोष १९९०च्या दशकापासून माहीत आहे, त्यावर आरएफसी, म्हणजे इंटरनेटचे मानक दस्तऐवज, लिहिले गेले आहेत, आणि तरी तो दर नव्या नेटवर्कमध्ये नव्याने सापडतो.

सापडायला वेळ का लागतो? तक्रार आल्यावर नॉकमधला, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या केंद्रातला, माणूस पिंग मारतो. पिंगचे नेहमीचे पॅकेट शंभर बाइटच्या आतले असते. ते जाते. टिकटावर ‘लिंक ठीक’ असा शेरा पडतो आणि टिकट बंद होते. एका कंपनीच्या जाळ्यात एकाच तालुक्यातले ग्राहक महिनोन्‌महिने सांगत होते की मेसेज जातात पण व्हिडिओ अडकतो, आणि त्यांना हँडसेट बदलून पाहा म्हणून सांगितले जात होते. मधला एकच भाड्याचा दुवा १५००वर राहिला होता. गेटवेवरून टॉवरच्या पत्त्याकडे ‘तुकडे करू नयेत’ ही खूण लावून १५०८ बाइटचा पिंग मारला असता, तर शीर्षांसह तो नेमका १५३६चा झाला असता आणि दोष तिथल्या तिथे हाती आला असता. मार्गदर्शिकेत हे एका ओळीचे काम आहे. ती ओळ कुणी वाचली नव्हती, कारण मार्गदर्शिका जुन्या यंत्राची होती आणि जुने यंत्र काढून टाकले होते. माझा राग या जागेवर आहे. मी त्या ग्राहकांच्या जागी असतो तर मला कुणी ‘क्लाउड’ हा शब्द ऐकवलेला चालला नसता.

दुसरे उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण त्यात यंत्राचे पडदेच फसवतात. गेटवे आणि राउटर यांच्यामध्ये क्षमता हवी म्हणून चार दुवे एकत्र बांधतात. समजा दहा-दहा गिगाबिटचे चार. कोणते पॅकेट कोणत्या दुव्याने जाणार हे राउटर पॅकेटमधले पत्ते आणि पोर्ट यांवरून गणित करून ठरवतो. साध्या इंटरनेटवर लाखो वेगवेगळे पत्ते असतात, त्यामुळे भार आपोआप सारखा वाटला जातो. टनेलमध्ये मात्र बाहेरून दिसणारे पत्ते दोनच: या टोकाचा आणि त्या टोकाचा. पोर्टही बहुतेकदा दोन्हीकडे २१५२. आत लाख ग्राहक असोत, बाहेरच्या राउटरला तो एकच प्रवाह दिसतो आणि तो सगळा एकाच दुव्यावर ढकलतो. एकूण १४ गिगाबिट आले तरी चारही दुव्यांचा एकत्रित आलेख २५ टक्केच दाखवतो, आणि प्रत्यक्षात एक दुवा गच्च भरून पॅकेटे सांडत असतात. म्हणून मार्गदर्शिका सांगते की राउटरला टनेलचा क्रमांक, ज्याला टीईआयडी म्हणतात, तो गणितात घ्यायला लावा. ते जमत नसेल तर गेटवेला वाहतुकीसाठी एकाहून अधिक पत्ते द्या, किंवा यंत्र करत असेल तर पाठवणाऱ्या बाजूचा पोर्ट बदलता ठेवा. आणि आलेख चारही दुव्यांचा मिळून काढू नका, प्रत्येक दुव्याचा काढा. यातले काय कालबाह्य झाले? जीटीपी तोच, २१५२ तोच, इथरनेटचे दुवे बांधण्याची रीत तीच. दहाच्या जागी शंभर गिगाबिट झाले एवढेच.

लूपबॅकच्या नियमावर मी रेंगाळत नाही. तो कुणी मनापासून नाकारत नाही. गेटवेची सेवा ज्या पत्त्यावर चालते तो पत्ता एखाद्या पोर्टवर बांधला तर पोर्ट पडताच पत्ता नाहीसा होतो आणि त्यावरची सगळी सत्रे जातात. लूपबॅकवर, म्हणजे कोणत्याही एका पोर्टशी न जोडलेल्या आतल्या इंटरफेसवर, बांधला तर पॅकेटे दुसऱ्या पोर्टने येत राहतात. रोमिंगच्या बाजूला तर हा पत्ता कंपनीच्या आयआर.२१ दस्तऐवजातून जगभरच्या भागीदार कंपन्यांपर्यंत गेलेला असतो आणि त्यांच्या फायरवॉलमध्ये नोंदलेला असतो, तो रातोरात बदलता येत नाही. एवढे पुरे.

आता जे खरे आहे ते मान्य करतो. काही नियम खरोखर मेले आहेत आणि ते पुरायला हवेत. पोर्टचा वेग आणि डुप्लेक्स हाताने पक्के करा, हा नियम १९९०च्या दशकातला. तेव्हा शंभर मेगाबिटच्या यंत्रांचे आपापसातले बोलणे बिघडायचे, म्हणून तो आला. गिगाबिटच्या तांब्याच्या तारेवर हे बोलणे मानकाचाच भाग झाले, आणि तरी कित्येक वर्षे लोक एका बाजूला वेग पक्का आणि दुसऱ्या बाजूला आपोआप असे ठेवून स्वतःच दोष तयार करत राहिले. अमुक खाचेतले कार्ड आणि तमुक खाचेतले कार्ड जोडीने वापरा, असेही पानेच्या पाने नियम होते. ती खाच आता नाही. माझ्या मित्रांचा पहिला मुद्दा या पानांपुरता बरोबर आहे.

पण खाचेच्या नियमामागे काय होते ते पाहा. राखीव म्हणून ठेवलेले दोन पोर्ट एकाच कार्डावर असू नयेत, नाहीतर कार्ड गेले की दोन्ही जातात. आज गेटवे साध्या सर्व्हरवर चालतो आणि सर्व्हरमध्ये नेटवर्कचे कार्ड असते, त्या कार्डाला दोन पोर्ट असतात, आणि त्याच दोन पोर्टांची जोडी बांधून ‘राखीव व्यवस्था केली’ असे लिहिलेले मी डिझाइनच्या कागदांत पाहतो. कार्ड जाते तेव्हा दोन्ही पोर्ट जातात. खाच गेली, नियमाचे अक्षर गेले, कारण जागच्या जागी आहे. ज्याने जुना नियम कारणासकट शिकला होता तो ही चूक करत नाही. ज्याने तो ‘तीन नंबरच्या खाचेत घाला’ एवढाच शिकला होता, किंवा जुने म्हणून अजिबात वाचला नाही, तो करतो. म्हणून जुने नियम फेकण्याआधी प्रत्येकाखाली ‘का’ लिहा, आणि ज्याला ‘का’ सापडत नाही तेवढाच फेका.

क्लाउडने इंटरफेसचा प्रश्न संपवला, हे म्हणणे तर ज्याने यूपीएफ हाताने उभा केला आहे त्याच्या तोंडून मी कधी ऐकलेले नाही. क्लाउडवरची सॉफ्टवेअरे चालवणाऱ्या कुबरनेटीसमध्ये प्रत्येक पॉडला, म्हणजे चालत्या घटकाला, मुळात एकच इंटरफेस मिळतो. यूपीएफला टॉवरकडचा एन३, नियंत्रणाचा एन४ आणि इंटरनेटकडचा एन६ असे वेगळे इंटरफेस हवे असतात. म्हणून मल्टससारखी जोडणी वापरावी लागते. नेहमीचे लिनक्स नेटवर्किंग एवढी पॅकेटे पेलत नाही, म्हणून एसआर-आयओव्ही आणि डीपीडीके येतात. मग नेटवर्क कार्ड ज्या प्रोसेसरला जोडलेले आहे त्याच प्रोसेसरच्या कोअरवर यूपीएफ चालला पाहिजे, नाहीतर प्रत्येक पॅकेटला पलीकडच्या मेमरीपर्यंत हेलपाटा पडतो आणि क्षमता घटते. हे सगळे इंटरफेसचेच नियम आहेत, आणि ते जुन्यांपेक्षा जास्त किचकट आहेत. जुन्या पेटीत कार्ड आणि प्रोसेसर यांची जोडी बनवणाऱ्या कंपनीने लावून दिलेली असायची. आता ती आपल्याला लावायची आहे.

राहिला स्वयंचलनाचा मुद्दा. स्क्रिप्ट कॉन्फिगरेशन लिहिते हे चांगलेच आहे. रात्री दोनच्या मेंटेनन्स विंडोत माणसाने दोनशे ओळी टाइप करण्यापेक्षा ते केव्हाही बरे. पण स्क्रिप्टमध्ये एमटीयूचा आकडा कुणीतरी घातलेला असतो. तो कुठून आला? स्क्रिप्टचा साचा म्हणजे मार्गदर्शिकाच, फक्त कारणे गाळलेली. आणि चुकलेला साचा एका गेटवेवर थांबत नाही, देशभरच्या सगळ्या गेटवेंवर काही मिनिटांत पसरतो.

इथे माझे प्रतिपक्षी एक घटना पुढे करतात. ती घटना मोठी आहे आणि मला ती टाळायची नाही. ८ जुलै २०२२ला कॅनडातली रॉजर्स ही कंपनी पहाटे बंद पडली. एक कोटी वीस लाखांहून जास्त ग्राहक, मोबाइल आणि घरचे इंटरनेट दोन्ही, एका दिवसाहून अधिक काळ. इंटरॅक या व्यवस्थेवरचे डेबिट कार्डचे व्यवहार अडले. टोरोंटो परिसरात आता कितीतरी मराठी घरे आहेत, त्यांनाही तो दिवस आठवत असेल. सर्वांत भीषण गोष्ट ९११ची. रॉजर्सचे टॉवर चालूच होते, त्यामुळे मोबाइल त्यांनाच चिकटून राहिले आणि आणीबाणीचा कॉल दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरूनही लावता येईना. प्रतिपक्ष म्हणतो: रॉजर्सकडे नियम होते, बदलाची टप्प्याटप्प्यांची योजना होती, मंजुऱ्या होत्या. तरी व्हायचे ते झालेच. मग नियमांचा उपयोग काय?

कॅनडाच्या नियामकाने या घटनेची स्वतंत्र चौकशी करवून घेतली आणि तिचा सारांश २०२४मध्ये सर्वांसाठी खुला केला. तो वाचला की उत्तर समोर येते. बदल सात टप्प्यांचा होता आणि सहाव्या टप्प्यात वितरण राउटरवरचा एक फिल्टर काढला गेला. तो फिल्टर मार्गांच्या माहितीला आवर घालत होता. तो निघताच मार्गांचा लोंढा कोअर राउटरवर आला, त्यांची मेमरी आणि प्रोसेसर कोलमडले. कोअर राउटरवर अशा लोंढ्याला मर्यादा घालणारी तजवीज केलेली नव्हती. मोबाइल आणि घरचे इंटरनेट एकाच कोअरवर होते. आणि यंत्रांपर्यंत पोहोचण्याचे व्यवस्थापनाचे जाळे त्याच कोअरवर अवलंबून होते, म्हणून कोअर पडल्यावर दुरुस्ती करणाऱ्यांनाही आत शिरता येईना. त्यांचे आपापसातले बोलणेसुद्धा कंपनीच्याच मोबाइल सेवेवर चालायचे. आधीचे टप्पे बिनघोर पार पडले म्हणून जोखीम मोजणाऱ्या गणितप्रणालीने या कामाचा दर्जा ‘उच्च’वरून ‘कमी’वर आणला होता.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रतिपक्ष त्या एकत्र करतो. मंजुरीचे फॉर्म, टप्पे, जोखमीचे गुण ही कामाची पद्धत झाली. ती रॉजर्सकडे होती. राउटरने ठरावीक संख्येपलीकडे मार्ग स्वीकारू नयेत, व्यवस्थापनाचे जाळे ज्या जाळ्याचे व्यवस्थापन करते त्याच्यावर अवलंबून नसावे, हे अभियांत्रिकीचे नियम झाले. ते तिथे नव्हते. फॉर्म भरून घेण्याचा कंटाळा मलाही येतो आणि फॉर्म कमी करा म्हणणाऱ्याच्या बाजूने मी मत देईन. पण ज्या दोन नियमांच्या अभावी एक कोटी लोकांची सेवा गेली, तो अभाव दाखवून ‘नियम नकोत’ म्हणणे मला कळत नाही. आणि जोखीम ‘कमी’ ठरवली ती कुठल्या जुन्या मार्गदर्शिकेने नव्हे. ती ठरवली स्वयंचलित गणिताने, म्हणजे ज्याच्यावर आता सगळे सोपवा असे आम्हाला सांगितले जाते त्यानेच.

त्याच्या सहा दिवस आधीची जपानची घटनाही इथेच ठेवतो. २ जुलै २०२२ला केडीडीआय या कंपनीने टोकियो परिसरातल्या केंद्रात नेहमीचे राउटर बदलायचे काम काढले. चुकीचा कार्यपद्धतीचा कागद वापरला गेला आणि मार्ग चुकला. मूळ चूक साधारण पंधरा मिनिटांत मागे घेतली. पण तेवढ्या वेळात तुटलेले मोबाइल एकदम पुन्हा नोंदणी करू लागले, आवाजाची सेवा सांभाळणारी यंत्रे आणि ग्राहकांच्या नोंदींचे कोठार त्या गर्दीखाली दबले, आणि सेवा पूर्ववत व्हायला साठ तासांहून अधिक गेले. तीन कोटींहून जास्त ग्राहकांना झळ पोहोचली. जुने कागद वेळीच काढून टाका, हा धडा यात आहे, आणि तो माझ्या मित्रांच्या बाजूचा आहे हे मी मोकळेपणाने लिहितो. पण पंधरा मिनिटांचे साठ तास झाले ते का? जोडणी तुटल्यावर किती मोबाइल एकदम परत येतील आणि यंत्र किती झेलेल, याचा हिशेब कमी पडला म्हणून. गेटवेच्या बाजूलाही हाच हिशेब असतो. जीटीपीची दोन टोके एकमेकांना ‘इको’ पाठवून दुसरे जिवंत आहे का पाहतात, आणि उत्तर आले नाही तर त्या टोकाची सगळी सत्रे पुसून टाकता येतात. मानक सांगते की इको साठ सेकंदांपेक्षा वारंवार पाठवू नये. दुवा तुटल्याचे पटकन कळावे म्हणून कुणी इकोलाच घाई करायला लावली, तर एखाद्या क्षणिक अडथळ्याने लाखो सत्रे पुसली जातात आणि मग सगळे मोबाइल एकदम दारावर येतात. दुव्याची खबर घ्यायला बीएफडी आहे, तो सेकंदाच्या छोट्या भागात सांगतो, त्यावरून फक्त मार्ग बदलला जातो, सत्रांना हात लागत नाही. कोणत्या थराचा दोष कोणत्या थराने पकडायचा हे ठरवणे हेच मार्गदर्शिकेचे मुख्य काम आहे. स्क्रिप्ट ते ठरवत नाही.

आपल्याकडची एक ओळ दाखवतो. भारतात बहुसंख्य ग्राहक प्रीपेड आहेत. त्यांचा डेटा चालू राहतो तो गेटवे दर थोड्या वेळाने पैशांच्या यंत्राला विचारतो म्हणून: याच्या खात्यात शिल्लक आहे का? हा प्रश्न ज्या वाटेने जातो तिला जीवाय म्हणतात. ती वाट तुटली तर काय करायचे, याची एक सेटिंग असते. चालू ठेवा, बंद करा, किंवा दुसरीकडे विचारून पाहा आणि मग बंद करा. या संदेशांचा जो आरएफसी आहे त्यात काहीच सांगितले नसेल तर ‘बंद करा’ हे गृहीत आहे. म्हणजे कुणी विचारपूर्वक ती ओळ भरली नाही, तर बिलिंगच्या खोलीतला एक स्विच पडल्यावर राज्यभरच्या प्रीपेड ग्राहकांचे यूपीआय, ओला-उबर, दवाखान्याची अपॉइंटमेंट सगळे थांबते, रेडिओ आणि गेटवे धडधाकट असताना. काही मिनिटांचा डेटा फुकट जाऊ द्यायचा की लोकांचे व्यवहार थांबवायचे, हा निर्णय आहे. तो कंपनीने शुद्धीवर असताना, दिवसाउजेडी, कारण लिहून घ्यायला हवा. साच्यातल्या रिकाम्या रकान्याने घेऊ नये. आणि त्या वाटेसाठी दोन दुवे ठेवले असतील तर ते दोन वेगळ्या स्विचमधून जातात ना, हेही कुणीतरी तारेला हात लावून पाहायला हवे.

नियमांनी तरुणांची बुद्धी मारली जाते, हा शेवटचा आक्षेप मला सर्वांत जास्त लागतो, कारण मी पुण्या-ऐरोलीतल्या नॉकमध्ये परदेशी कंपन्यांची जाळी रात्रभर सांभाळणारी मुले रोज पाहतो. त्यांच्या हाती जे येते ते कारण नसलेले आदेशांचे कागद असतात: ही कमांड द्या, हे उत्तर आले तर पुढे जा, नाही आले तर वरिष्ठांना फोन करा. यात विचार मारला जातो, हे खरे. पण मार्गदर्शिका हिरावून घेतल्याने त्यांचा विचार जागा होत नाही. त्यांच्याकडे मग कागदही नाही आणि कारणही नाही, उरतो तो फक्त वरिष्ठांचा फोन नंबर. ज्या मुलीला माहीत आहे की ग्राहकाच्या बाजूचा आणि कोअरच्या बाजूचा राउटिंगचा तक्ता वेगळा ठेवतात तो यासाठी, की जीटीपीला स्वतःची ओळखतपासणी नाही आणि ग्राहकाने आपल्या टनेलमधून गेटवेच्याच पत्त्यावर जीटीपीचा संदेश पाठवला तर तो खरा समजला जाऊ शकतो, ती मुलगी रात्री तीन वाजता ‘तात्पुरता’ दोन तक्ते जोडणारा मार्ग टाकायला नकार देईल. समोर कितीही वरिष्ठ माणूस असो. तिला ते धैर्य कारणाने दिलेले असते.

माझी मागणी साधी आहे. मार्गदर्शिका ठेवा आणि प्रत्येक नियमाखाली तीन गोष्टी लिहा: तो कशामुळे आहे, पाळला गेला हे कसे तपासायचे, आणि काय बदलल्यावर तो रद्द समजायचा. ‘टॉवर ते गेटवे प्रत्येक दुव्याचा एमटीयू किमान १६००. कारण टनेलची शीर्षे. तपासणी तुकडे न करता, शीर्षांसह १६०० बाइटचा पिंग. दुव्यावर आयपीसेक आल्यास हा आकडा अपुरा, हिशेब पुन्हा करावा.’ चार ओळी होतात. साचा लिहिणाऱ्याने या ओळीवरून आकडा घ्यावा आणि तपासणी स्क्रिप्टने रोज रात्री करावी. माझ्या मित्रांना स्वयंचलन हवे आहे ना, त्याची खरी जागा ही आहे.

आणि एक मागणी नियामकांकडे. ट्रायच्या २०२४च्या सेवा-गुणवत्ता नियमांनी जिल्हाभर सेवा काही तासांहून जास्त बंद राहिली तर कंपनीने ते कळवणे बंधनकारक केले, ग्राहकाला भरपाईची तरतूदही केली. हे चांगले पाऊल आहे. पण बंद का पडले, याचे तांत्रिक उत्तर कंपनी आणि नियामक यांच्यातच राहते. कॅनडाने केले तसे ते सर्वांपुढे ठेवा. कंपनीची गुपिते झाका, पत्ते झाका, नावे झाका, पण कोणता इंटरफेस, कोणती ओळ, कोणती मर्यादा लावायची राहून गेली, हे छापा. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीत तोच फिल्टर काढायला बसलेल्या इंजिनिअरला तो अहवाल वाचायला मिळाला पाहिजे, काम सुरू करण्याआधी.